चिठ्ठीत निघालेली बाजू

शुक्रवार पेठ, सोलापूर
१० जुलै १९३१

चि. प्रभास अनेक आशीर्वाद.

तू वडिलांना गिरणीच्या पत्त्यावर उघडे कार्ड टाकलेस, म्हणून शाळेची कामे बाजूला ठेवून मला हे पत्र लिहावे लागत आहे.

गिरणीच्या ऑफिसात टपाल आले की कल्लप्पा कारकून कार्डे आधी स्वतः वाचतो, मग ज्याची त्याला देतो. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. त्याला ते वर्तमानपत्र वाटते. बुधवारी त्याने तुझे कार्ड सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असे वाचले. 'मी युनियनमध्ये नाव घातले. आठ ऑगस्टला संपाच्या बाजूने माझे भाषण आहे. काळजी नसावी.'

काळजी नसावी, असे तू लिहिलेस!

सोलापुरात युनियन एकच, गिरणीकामगारांची. गेल्या वर्षीच्या मार्शल लॉनंतर गिरणीच्या ऑफिसात तो शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. कॉलेजातल्या वादविवाद मंडळालाही युनियन म्हणतात हे मला ठाऊक आहे. तुझ्या नानांना, चिंतामणीला, ते मी सांगितल्यावर कळले. ऑफिसात तोवर बोभाटा झाला होता, की हजेरी कारकुनाची मुलगी पुण्यात संपवाल्यांना मिळाली. मॅनेजरसाहेबांनी त्याला शनिवारी भेटायला सांगितले आहे. काल संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि अर्ध्या जेवणावरून उठला. तुझी आई गेल्यापासून तो आठवड्यातून दोनदा माझ्याकडे जेवतो. पानावरून असा उठलेला मी त्याला पाहिला नव्हता.

कोणत्या मंडळात जावे, असे तू मला विचारले होतेस. नव्या मुलींच्या प्रवेशांमुळे उत्तराला आठ दिवस लागले, तेवढ्यात तू नाव घालून मोकळी झालीस. आता उत्तर ऐक. युनियनमधून नाव काढ. संस्कृत मंडळ आणि निसर्ग मंडळ, या दोहोंत घाल. तिथे डोक्याला काम आहे आणि कोणाची नोकरी जात नाही.

यापुढे नानांना लिहायचे ते पाकिटातून, माझ्या पत्त्यावर.

तुझी आत्या,
यशोदा


मुलींचे वसतिगृह, पुणे
१३ जुलै १९३१

ती. आत्यांस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचले. वाचून लगेच लिहायला बसले. घराला दिवसभर कुलूप असते आणि पोस्टमन कार्ड दाराच्या फटीतून आत सारतो. ते नानांना संध्याकाळी मिळते. गिरणीत टाकले तर अकरा वाजताच मिळेल, म्हणून तिकडे टाकले. आनंद लवकर कळावा एवढीच माझी घाई होती.

मंडळांबद्दल मात्र थोडे ऐकून घ्या.

आमच्या सुपरिंटेंडेंटबाई आठवड्यातून दोनच संध्याकाळी बाहेर राहू देतात. म्हणजे मंडळे दोनच निवडायची. पहिल्या आठवड्यात मी सगळीकडे डोकावून आले. संगीत मंडळात गेले, तर म्हणाले, 'वा, स्वागतपद्याला एक आवाज कमी होता.' पाहुणे आले की मुलींनी गायचे, मग पडद्यामागे जाऊन बसायचे. संस्कृत मंडळाचे चिटणीस भले आहेत, पण ते माझ्याशी भिंतीकडे बघून बोलतात. त्यांनी मला रांगोळीचे खाते दिले. निसर्ग मंडळाचे प्रोफेसर प्रेमळ आहेत. त्यांनी भुंग्यांच्या बाटल्या दाखवल्या आणि माझे अक्षर पाहून म्हणाले, 'लेबले तुम्हीच लिहा.'

मग युनियन. तिथे नव्या विद्यार्थ्यांना दोन मिनिटे उभे करतात. मी उभी राहिले तेव्हा मागच्या बाकांवरच्या मुलांनी बूट आपटले. कोणी म्हणाले, 'आवाज येत नाही, ताई, माजघरातून बोलताय का?' मी म्हटले, 'माजघरातला आवाज तुमच्या घरी ऐकायची सवय नसेल.' हशा झाला, बूट थांबले, आणि मी माझे वाक्य शेवटापर्यंत नेले. आत्या, मी एखादे वाक्य शेवटापर्यंत नेले आणि मधे कोणी ते माझ्या हातून काढून घेतले नाही, असे पहिल्यांदाच झाले.

संपाची बाजू मी मागून घेतलेली नाही. 'संप हा कामगाराचा हक्क आहे' असा विषय आहे. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरतात. माझ्या चिठ्ठीत 'बाजूने' निघाले. ज्याला जे निघेल ते त्याने बोलायचे, हाच तिथला नियम.

आठ तारखेला एवढे भाषण करू द्या, मग नाव काढते. आणि एक विचारते, राग मानू नका. तुमच्या पत्रात कल्लप्पा काय म्हणाले ते आहे, ऑफिस काय म्हणते ते आहे, तुम्ही काय म्हणता ते आहे. नाना काय म्हणतात?

आपली,
प्रभा


शुक्रवार पेठ, सोलापूर
१७ जुलै १९३१

चि. प्रभास आशीर्वाद.

नाना काय म्हणतात, असे विचारतेस. तो काही म्हणत नाही. लहानपणीही म्हणत नसे. त्याला भूक लागली हे आईच्या आधी मला कळायचे. त्याचे गप्प राहणे मला वाचता येते, आणि ते मी तुला कळवले.

लेबलांचे आणि रांगोळीचे वाचले. आमच्या वेळी कॉलेजात आम्ही तिघी होतो. समारंभ असला की आमच्या हाती गुलाबदाणी द्यायचे. चार वर्षांत मी किती पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडले आणि किती वाक्ये बोलले, याचा हिशेब न केलेला बरा. त्यामुळे तुला युनियन का हवी, हे मला समजत नाही असे समजू नकोस.

पण तुझ्या चिठ्ठीने घोटाळा वाढवला आहे. काल दारात सिद्रामप्पा आला. चिंतामणीच्या चाळीतला, मागावर काम करणारा. पागोटे काढून पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाई, चिंतोपंतांची पोर आपल्यात आली म्हनं. लई ब्येस झालं की! एकदा हितं गेटावर बोलाया बोलवा तिला."

मी म्हटले, "ती तुमच्या युनियनमध्ये नाही. ते पोरांचे वाद घालायचे मंडळ आहे. तिथे चिठ्ठ्या टाकून बाजू ठरवतात."

"आन् चिठ्ठीत कंची बाजू निगाली?"

"संपाची."

"मंग आपलीच की वो!" म्हणाला, आणि खुशीत निघून गेला. आता हे सगळ्या चाळीला कळले असेल.

म्हणून मी स्वतः मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर गेले. चिंतामणीला सांगितले नाही. त्याने नको म्हटले असते. युनियन म्हणजे काय ते साहेबांना इंग्रजीत नीट समजावले. त्यांनी ऐकून घेतले, खुर्ची दिली, चहा विचारला. मग म्हणाले, "विषय काय आहे?" मला खोटे बोलता येत नाही. विषय सांगितला. "आणि मुलीची बाजू?" तीही सांगितली, चिठ्ठीसकट. ते हसले. "मनात नाही ते बोलायला शिकावे म्हणून तुम्ही मुलींना कॉलेजात पाठवता?"

मी म्हटले, "दुसऱ्याच्या बाजूने विचार करायला शिकावे म्हणून." उत्तर चुकीचे नव्हते. पण वाटभर ते मला पुरले नाही. वर्गात मी मुलींना तीस वर्षे सांगत आले आहे, मनात असेल तेच बोला.

निघताना ते म्हणाले, "तुमच्या भावाशी माझे बोलणे झाले आहे. त्याला जे सांगायचे होते ते त्याने सांगितले." म्हणजे चिंतामणीने कबूल केले आहे. आता त्याचा शब्द खाली पडू देऊ नकोस. आठ तारखेपर्यंतही थांबू नकोस. नाव काढ आणि मला कळव.

यशोदा


पुणे
२२ जुलै १९३१

ती. आत्यांस साष्टांग नमस्कार.

आपल्या आज्ञेप्रमाणे काल युनियनमधून नाव काढले. चिटणीस मुकुंद म्हणून आहेत, त्यांनी कारण विचारले. घरचे कारण, असे सांगितले. ते म्हणाले, 'मुलींना नेहमी घरचेच कारण असते,' आणि नावावर रेघ ओढली.

निसर्ग मंडळात नाव घातले आहे. आज अकरा लेबले लिहिली.

एक सांगायचे होते, ते आता उपयोगाचे नाही, तरी सांगते. चिठ्ठी निघाली त्या दिवशी मला संपाबद्दल काहीच वाटत नव्हते. भाषणासाठी वाचू लागले. वाचताना आमची चाळ आठवली. गेल्या वर्षी संपामुळे गिरणी बंद होती तेव्हा सिद्रामप्पांची बायको आमच्या दाराशी येऊन पीठ मागायची नाही, चाळणी मागायची. चाळणी मागितली की माणूस चाळणीत थोडे पीठ घालूनच देतो. मला तेव्हा वाटायचे, यांना स्वतःची चाळणी कशी नाही? पुण्यात बसून टिपणे काढताना ते कळले. एवढ्यावर येऊनही ती माणसे कामावर परत गेली नव्हती. ती का गेली नव्हती, हे मला सांगायचे होते. आता चिठ्ठी नसती तरी मी तेच बोलले असते.

नानांचा शब्द खाली पडला नाही, हे त्यांना कळवावे.

प्रभा


शुक्रवार पेठ, सोलापूर
२८ जुलै १९३१

चि. प्रभास आशीर्वाद.

तुझे पत्र आल्यावर ते वाचून दाखवावे म्हणून काल मधल्या सुटीत मी गिरणीच्या ऑफिसात गेले. चिंतामणीच्या टेबलावर कोणी परका तरुण बसला होता. कल्लप्पाला विचारले. तो खाली बघून म्हणाला, "बाईसाहेब, तुम्हाला म्हाईत न्हाय? त्यांना कापसाच्या गोदामात घातलं की. लई दिस झालं."

पुढचे मी त्याच्याकडून काढून घेतले. अकरा तारखेला, शनिवारी, मॅनेजरांनी चिंतामणीला बोलावून कागद पुढे केला. माझी मुलगी युनियन सोडत आहे, असे लिहून सही करायची होती. ही युनियन म्हणजे वाद घालायचे मंडळ आहे, हे चिंतामणीने त्यांना सांगितलेसुद्धा. ते म्हणाले, मंडळ असले तरी संपाची भाषा या ऑफिसातल्या माणसांच्या घरी नको. तेव्हा चिंतामणी म्हणाला, "नाव मुलीनं घातलं आहे. काढायचं तर ती काढेल. मी काढणार नाही." सोमवारपासून तो गोदामात आहे. म्हणजे मी बंगल्यावर चहा नको म्हणत बसले होते तेव्हा तो कापसाच्या गाठी मोजत होता, आणि साहेबांनी मला खोटे काही सांगितले नव्हते. चिंतामणीला जे सांगायचे होते ते त्याने सांगितलेच होते. मी ते माझ्या मनाप्रमाणे वाचले.

गोदामात गेले. त्याच्या मिशांना कापूस लागलेला होता. मी म्हटले, "चिंतू, तू मला बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं, अक्का? तू सांगितलंस."

"त्या दिवशी पानावरून उठलास, मला वाटलं घाबरलास."

"घाबरलोच होतो की. म्हणून काय सही करायची?"

मग त्याने मला तुझे पत्र दोनदा वाचायला लावले. चाळणीपाशी थांबवले. म्हणाला, "हे तिला ठाऊक होतं? मला वाटायचं, ती अजून लहान आहे." त्यानंतर बराच वेळ तो बोलला नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी तुला कळवणार नाही. मला तो लावता येतो असे मी आता म्हणत नाही.

नाव काढण्याचा माझा हुकूम मी परत घेते. परत घाल, असाही माझा हुकूम नाही. हे पत्र इथेच थांबवते, नाहीतर मी पुन्हा सांगू लागेन.

यशोदा


पुणे
३१ जुलै १९३१

ती. आत्यांस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून जिन्यात बसून रडले. सुपरिंटेंडेंटबाईंना वाटले, घरी कोणी गेले. मी म्हटले, 'गेले नाही, उलट मिळाले आहे.' त्यांना काही कळले नाही.

काल मुकुंदांकडे गेले. संपाच्या बाजूची माझी जागा त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकली आहे. पण विरुद्ध बाजूचा मुलगा तापाने गावी गेला, ती जागा रिकामी आहे. ते म्हणाले, 'घ्या ती. बाजूचे काय, चिठ्ठी इकडची निघाली काय आणि तिकडची काय.'

आत्या, रात्रभर विचार केला. संपाविरुद्ध बोलले आणि ते सोलापुरास पोचले, की नाना परत टेबलावर बसतील. नियमाने पाहिले तर काहीच चूक नाही. चिठ्ठी माझ्या मनाला न पटणारी निघाली असती तर मी बोललेच असते, आणि तुमचे मॅनेजरसाहेबांना दिलेले उत्तर खरे ठरले असते. पण ही बाजू चिठ्ठीने आलेली नाही. ती सोयीने आली आहे. ती घेतली तर उभी राहिल्यावर प्रत्येक वाक्यात मला नानांचे टेबल दिसेल.

नको म्हणून सांगितले.

तिसरी एक वाट आहे. चारही वक्त्यांची भाषणे झाली की सभासदांपैकी कोणीही जागेवर उभे राहून तीन मिनिटे बोलू शकतो. तिथे चिठ्ठी नसते. जो जे बोलतो ते त्याचे स्वतःचे समजतात. मी नाव परत घातले आहे, पण उभे राहायचे की नाही हे ठरवलेले नाही. कारण चिठ्ठीमुळे नानांना सांगता येत होते, की पोरीला ती बाजू आली, तिने काय करावे. या वेळी ती सबब नसेल. मी बोलले तर ते माझे मत असेल, आणि गोदामातली जागाही जाऊ शकेल.

तेव्हा माझी एक विनंती आहे. हे पत्र नानांना जसेच्या तसे वाचून दाखवा आणि त्यांना विचारा. त्यांनी काय म्हणावे ते सांगू नका. विचारा.

बुधवारचे निसर्ग मंडळ ठेवले आहे. प्रोफेसरांना म्हटले, लेबले लिहीन, पण भुंगे पकडायलाही येईन. ते गोंधळले, मग म्हणाले, 'जाळे आणा.'

आपली,
प्रभा


सोलापूर
७ ऑगस्ट १९३१

चि. प्रभास अनेक आशीर्वाद.

विचारले.

पत्र वाचून झाल्यावर मी हात मांडीवर ठेवून बसले. तुला ठाऊक नाही, हे मला किती जड गेले. दोनदा तोंड उघडले आणि मिटले. दिवा लावायची वेळ झाली तरी चिंतामणी बोलेना. मला वाटले, झाले, हा आता उठून जाणार. मग म्हणाला, "अक्का, सभासद नसलेल्या माणसाला तिथं बसू देतात का?"

मी म्हटले, "गॅलरीत बसू देतात. आमच्या वेळी देत असत."

"मग मला तिचा आवाज तिथपर्यंत येईल का, एवढंच बघायचं."

"आणि नोकरीचं?"

"ते आल्यावर बघू."

काल त्याने रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी काय लिहावे हे मला विचारले नाही. मी नंतर पाहिले. 'मुलीचे भाषण ऐकणे.' अर्ज मंजूर की नामंजूर हे त्याला अजून सांगितलेले नाही. तरी तो निघाला आहे. सोमवारी गोदामात त्याला आत घेतील किंवा घेणार नाहीत. न घेतले तर माझ्या शाळेत लेखनिकाची जागा नाही, आणि मी ती निर्माण करू शकत नाही, हेही तुला ठाऊक असावे. तेव्हा उभी राहणार असशील तर सगळे समजून उभी राहा. बसून राहिलीस तरी तो ऐकायलाच आला होता असे म्हणेल. मी त्याला ओळखते, असे लिहिणार होते. पण एवढेच लिहिते, की मी त्याला विचारले आणि तो असे म्हणाला.

मनात नाही ते बोलावे की नाही, यावर साहेबांना द्यायचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. तुला सापडले तर कळव. मुलींना सांगेन.

हे पत्र त्याच्याच हाती देत आहे. आज रात्रीच्या गाडीने निघून तो उद्या सकाळी पुण्यास उतरेल. सभा संध्याकाळी आहे, तोवर त्याला झोपू दे.

आज सोलापूर स्टेशनवर चिंतामणीच्या हाती दिले ते असे: शेंगाचटणीची बरणी, तोंड बांधलेली. कडक भाकरी, फडक्यात गुंडाळलेली. भुंगे पकडण्याचे जाळे, आमच्या शिवणाच्या बाईंनी मच्छरदाणीच्या कापडाचे शिवलेले, काठीसकट. त्याचा धुतलेला कोट, सभेसाठी. परतीचे तिकीट, कोटाच्या आतल्या खिशात. सर्व त्याने मोजून घेतले.

आणि पुण्यास तुझ्या हाती दिला तो: तुझा बाप. पोच दे.

यशोदा